हजार निट्सचं खूळ

ड्रोनवाल्यांच्या गप्पांत हल्ली एक मत ब्रह्मवाक्यासारखं फेकलं जातं. आपल्याकडचं ऊन कडक, फोनची स्क्रीन त्यात दिसत नाही, आणि स्क्रीनच दिसली नाही तर उडवायचं कसं? तेव्हा ज्याला हे काम मन लावून करायचंय त्याने आधी हजार निट्सचा स्वतंत्र मॉनिटर घ्यावा, नाहीतर तसा पडदा बसवलेला महागडा रिमोट तरी घ्यावा. नवखा मुलगा विचारतो, ‘दादा, ड्रोन कुठला घेऊ?’ आणि दादा ड्रोनच्या आधी पडद्याचं नाव सांगतो. दुकानदाराने असं सांगावं यात नवल नाही. त्याचं पोट त्यावर आहे. पण लग्नसराईचे अनेक हंगाम काढलेले जुने शूटिंगवालेही आता तीच री ओढू लागले आहेत, आणि हप्त्यावर कॅमेरा घेणारी पोरं त्यांचं ऐकतात. म्हणून हा प्रतिवाद.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. हौसेखातर उडवणारा आणि लग्नं, जत्रा, शेतघरं, किल्ले टिपून चार पैसे मिळवणारा, या दोघांसाठी वेगळा झगझगीत मॉनिटर ही उधळपट्टी आहे. उन्हात स्क्रीन दिसत नाही ही तक्रार शंभर टक्के खरी. पण आजाराचं निदान चुकलंय, म्हणून औषधही चुकतंय. आपल्याला कमी पडते ती सावली, आणि आपण विकत घ्यायला निघालोय उजेड.

आधी हा हजारचा आकडा आला कुठून ते पाहू. निट हे चकाकी मोजायचं माप आहे: एका चौरस मीटरमागे एक कँडेला. २०१७ साली डीजेआय या ड्रोन कंपनीने ‘क्रिस्टलस्काय’ नावाचे मॉनिटर बाजारात आणले. लहान साडेपाच इंची १००० निट्सचा, आणि मोठ्या ७.८५ इंचीत १००० आणि २००० असे दोन प्रकार. तेव्हा बहुतेकांच्या हातातले फोन ५००-६०० निट्सचे होते, म्हणून तो मॉनिटर सुटकेसारखा वाटला आणि ‘हजार’ हा शब्द डोक्यात पक्का बसला. त्यानंतर याच कंपनीच्या पडदावाल्या रिमोटांपैकी २०१९ च्या स्मार्ट कंट्रोलरचा पडदा १००० चा, २०२१ च्या आरसी प्रोचा १००० चा, औद्योगिक ड्रोनसोबत येणाऱ्या आरसी प्लसचा १२०० चा. मजा अशी की सर्वसामान्यांसाठीचे आरसी आणि आरसी २ हे रिमोट ७०० निट्सचेच आहेत, आणि त्यांच्यावर हजारो लोक रोज उडवतात.

मधल्या काळात फोन कुठल्या कुठे गेले. २०२२ च्या आयफोन १४ प्रोची उन्हातली कमाल चकाकी २००० निट्स सांगितलेली आहे. मधल्या किमतीच्या अँड्रॉइड फोनांतही हजाराचा आकडा आता सर्रास छापलेला असतो. कमाल म्हणजे पडद्याच्या छोट्या भागाला काही वेळ मिळणारा उजेड, हे मला ठाऊक आहे. पूर्ण पडद्याचा आकडा त्याहून कमी भरतो. पण २०१७ चं गणित आजच्या फोनला लावायचं आणि त्यावर लाखभराची खरेदी ठरवायची, हा कुठला हिशेब?

आता मुख्य मुद्दा. दुपारी मोकळ्या मैदानात उभे राहा, फोन बंद करा आणि त्या काळ्या काचेत पाहा. काय दिसतं? तुमचा शर्ट, तुमची हनुवटी, टोपी नसेल तर वरचं आभाळ. फोन चालू केल्यावर ही मंडळी निघून जात नाहीत. ड्रोनच्या चित्रावर बसून राहतात. स्क्रीन दिसत नाही म्हणतो तेव्हा आपण खरं तर या भुताला वैतागलेलो असतो.

या भुताचं वजन काढता येतं. भर उन्हात जमिनीवर साधारण एक लाख लक्स उजेड पडतो. पांढरा शर्ट त्यातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास परत फेकतो. ऊन छातीवर सरळ पडलं तर अशा शर्टाची चकाकी २५,००० निट्सच्या घरात जाते. ऊन तिरपं येतं म्हणून निम्मीच धरू, साडेबारा हजार. साधी काच समोरून आलेल्या उजेडातला सुमारे चार टक्के उलट पाठवते. साडेबारा हजाराचे चार टक्के म्हणजे ५०० निट्स. पाचशे निट्सच्या फोनची स्क्रीन स्वतः जेवढी उजळते, तेवढाच तुमचा शर्ट तिच्यावर उजळतो.

५०० निट्सच्या स्क्रीनवर चित्राचा पांढरा भाग मग डोळ्याला १००० चा दिसतो आणि काळा भाग ५०० चा. फरक फक्त दुपटीचा, म्हणून सगळं दुधाळ. आता हजार निट्सचा मॉनिटर आणा. पांढरा १५००, काळा ५००. फरक तिपटीचा. एवढे पैसे ओतून दुपटीचं तिप्पट झालं. आता मॉनिटर परत करा, तोच जुना फोन घ्या आणि अंगातला शर्ट बदला. गडद काळसर कापड आठेक टक्केच उजेड फेकतं. त्याचं भूत ५० निट्सचं. पांढरा ५५०, काळा ५०. फरक अकरा पटीचा! जे काम महागड्या मॉनिटरला जमलं नाही ते साध्या टी-शर्टाने केलं. काळा शर्ट आणि मॉनिटर दोन्ही असतील तर फरक एकवीस पट होईल हे मान्य. पण अकरा पटींत बॅटरीचा आकडा, घरी परतण्याच्या ठिकाणाची खूण आणि वरातीतला नवरदेव स्वच्छ दिसतात. पुढच्या दहा पटींसाठी किती मोजायचे ते ज्याचं त्याने ठरवावं.

यातून निघणारी रीत सोपी आहे. स्टुडिओचं नाव छापलेले टी-शर्ट तसेही करून घेतोच. ते काळे करून घ्या. सकाळ-संध्याकाळी सूर्य पाठीमागे ठेवा, म्हणजे तुमचीच सावली स्क्रीनवर आणि छातीवर पडेल, आणि ड्रोनकडे बघताना डोळ्यांत ऊन येणार नाही. स्क्रीन आभाळाकडे तोंड करून आडवी धरू नका. तिच्यात स्वतःची गडद छाती दिसेल इतकी उभी करा. काच रुमालाने पुसा, कारण सरळ ऊन पडलं की बोटांचे तेलकट ठसे पांढऱ्या धुक्यासारखे पसरतात. दुपारी बारा-एकच्या मुहूर्ताला सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा हेल्परच्या हातात काळी छत्री द्या. मांडवात रिफ्लेक्टर धरायला माणूस ठेवतोच, तोच ड्रोनच्या वेळी छत्री धरेल.

मॅट काच-कागद लावायचा सल्लाही कुणी देतो. सावलीत तो बरा. थेट उन्हात मात्र तो आलेला उजेड सगळीकडे पसरवतो आणि अख्खा पडदा फिकट करतो.

याच संदर्भात मॉनिटर विकणारे ज्यावर गप्प बसतात ती गोष्ट सांगायला हवी. सगळ्या काचा सारख्या नसतात. चांगल्या फोनात काच आणि चित्राचा पडदा एकमेकांना चिकटवलेले असतात. स्वस्तातल्या मॉनिटरमध्ये दोघांच्या मध्ये हवेची फट राहते, आणि हवा-काच अशी प्रत्येक सीमा आपापले चार टक्के परत फेकते. एकाच्या जागी तीन सीमा झाल्या की परावर्तन बारा टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणजे डब्यावर ‘१००० निट्स’ छापलेला असा मॉनिटर उन्हात पाचशे निट्सच्या चांगल्या फोनपुढे हरू शकतो. उलट, आयपॅड मिनी आणि आयपॅड एअरच्या काचेवर परावर्तन रोखणारा थर आहे. अॅपल त्याचा आकडा १.८ टक्के देते, साध्या काचेच्या निम्म्याहून कमी. २०२४ च्या गॅलक्सी एस२४ अल्ट्राच्या काचेबद्दल ती बनवणाऱ्या कॉर्निंगचा दावा तर परावर्तन ७५ टक्क्यांपर्यंत घटवल्याचा आहे. परावर्तन निम्मं करणं आणि उजेड दुप्पट करणं यांचा परिणाम डोळ्याला सारखाच. फरक इतकाच की पहिल्याला बॅटरी लागत नाही आणि उष्णता होत नाही.

समोरच्या बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा उष्णतेचाच आहे. ते म्हणतात, सावली करा नाहीतर छत्री धरा, एप्रिल-मे महिन्यात फोन तापतो आणि आपोआप मंद होतो. त्याला तुम्ही काय करणार? हा मुद्दा खरा आहे. अॅपल आयफोन वापरण्यासाठी ३५ अंशांची कमाल मर्यादा सांगते, आणि त्यापुढे स्क्रीन स्वतःहून उतरते हा सगळ्यांचा अनुभव आहे. काळ्या कापडी हूडमध्ये कोंबलेला फोन तर आणखी लवकर उकडतो. पण मग मॉनिटरवाल्यांनी पुढचं पानही वाचावं. आरसी प्रोमध्ये पंखा आहे, तरी त्याची मर्यादा ४० अंश. मिनी ३ प्रो, मिनी ४ प्रो, मॅव्हिक ३ या ड्रोनांची मर्यादाही ४० अंशच. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा पडद्याआधी ड्रोनच बनवणाऱ्याच्या हमीबाहेर गेलेला असतो. अशा वेळी तापलेला फोन ही तक्रार नसून इशारा आहे: उतरवा, सावलीत जा, सकाळी साडेसहाला या. त्या वेळचा उजेडही चित्राला अधिक चांगला असतो, हे कुठल्याही कॅमेऱ्यावाल्याला सांगायला नको. पस्तीस ते चाळीस अंशांच्या पट्ट्यात मात्र पंखा असलेला रिमोट खरोखर सरस ठरतो. तेवढं श्रेय त्याला द्यावंच लागेल; पण ते पंख्याचं श्रेय आहे, निट्सचं नव्हे.

फोनबद्दलचा एक चुकीचा सल्ला इथेच खोडून काढतो. ‘ऑटो ब्राइटनेस बंद करा आणि पट्टी शेवटपर्यंत ओढा’ असं सगळे सांगतात. पुष्कळ फोनांत उन्हातली कमाल चकाकी फक्त ऑटो चालू असताना आणि वरच्या सेन्सरवर कडक ऊन पडल्यावरच मिळते. हाताने पट्टी ओढली तर ती त्याच्या अलीकडेच थांबते. आणि हूड घातला की तो सेन्सर अंधारात जातो, फोनला वाटतं आपण घरात आहोत, आणि तो उजेड कमी करतो. मग माणूस म्हणतो, बघा, फोन निकामी आहे, मॉनिटरच पाहिजे. एकदा ऑटो चालू ठेवून आणि एकदा बंद करून, सेन्सर उघडा ठेवून, उन्हात दोन मिनिटं तपासलं तर आपला फोन कुठल्या जातीचा आहे ते कळतं.

दुसरा युक्तिवाद फोन वाजण्याचा. ड्रोन हवेत आणि नवरीच्या मामाचा फोन, ‘कुठे आहात? वरात निघाली.’ ही अडचण खरी, पण तिच्यावर एअरप्लेन मोड नावाचं बटण फुकट मिळतं. त्याहून चांगलं म्हणजे ड्रोनसाठी सिम नसलेला वेगळा फोन ठेवावा, नकाशा घरून वाय-फायवर उतरवून घ्यावा, आणि त्यात दुसरं काहीच टाकू नये. असा बरा ओलेड फोन वापरलेला घेतला तरी मॉनिटरच्या किमतीच्या जवळही जात नाही.

तिसरा युक्तिवाद एक्स्पोजरचा. पडदा झगझगीत असला की चित्र किती उजळ येतंय ते कळतं, असं म्हणतात. नेमकं उलटं आहे. डोळ्याने उजेड जोखणं हे उन्हात सगळ्यात बेभरवशाचं काम. पडदा फार उजळ असला की चित्रही उजळ वाटतं, माणूस एक्स्पोजर खाली ओढतो, आणि रात्री एडिटिंगला बसल्यावर शालूची जर काळवंडलेली सापडते. पडदा मंद असला की उलट घोटाळा होतो आणि पांढरा फेटा जळून जातो. त्यासाठीच अॅपमध्ये हिस्टोग्राम आहे, जळालेल्या भागावर येणारे झेब्राचे पट्टे आहेत. आलेखाचा डोंगर उजव्या भिंतीला टेकलाय की नाही हे ३०० निट्सवरही दिसतं.

आता सुरक्षेकडे येऊ, कारण मॉनिटरचा प्रचार शेवटी याच मुद्द्यावर येऊन बसतो. ‘स्पष्ट दिसलं तर अपघात टळतो.’ ऐकायला बिनतोड वाटतं. गणित मांडून बघू. या छोट्या ड्रोनांची लेन्स २४ मिमीच्या बरोबरीची असते. तीस मीटर अंतरावर तिच्या चौकटीत सुमारे ४५ मीटर रुंदीचा पट्टा येतो. रिमोटवर येणारं चित्र १०८०पी, म्हणजे आडवे १९२० बिंदू. एका बिंदूच्या वाट्याला सव्वादोन सेंटिमीटरहून अधिक जागा. विजेच्या खांबावरून घरात जाणारी तार बोटाएवढीही जाड नसते. मांडवावर ओढलेली लायटिंगची वायर त्याहून बारीक. संक्रांतीच्या दिवसांतला मांजा तर विचारूच नका. सेंटिमीटरभर जाडीची तार तीस मीटरवर एका बिंदूचा निम्मा भागही व्यापत नाही, वर चित्र दाबून पाठवलेलं असतं. सेकंदाला बारा मीटर वेगाने जाणारा ड्रोन हे तीस मीटर अडीच सेकंदांत संपवतो. जी तार चित्रात उतरलीच नाही ती हजार निट्सवरही दिसणार नाही आणि दोन हजारांवरही नाही. ती दिसते उडवण्याआधी पायी फिरून पाहणाऱ्या माणसाला, जो खांब कुठे आहेत, माडांच्या झावळ्या कुठवर आल्यात, मांडवाची वायर कुठून कुठे गेलीय हे बघून घेतो.

दुसरं असं की कॅमेरा पुढे पाहतो आणि चांगले शॉट मागे किंवा आडवे जाताना होतात. नवरा-नवरीवरून मागे सरकत वर जाणारा शॉट आठवा, जो आज प्रत्येक पार्टीला हवाच असतो. त्यात ड्रोनच्या पाठीमागे काय आहे हे स्क्रीनला माहीतच नाही. ते पाहायला मान वर करून ड्रोनकडे बघावं लागतं. पडदा जितका मोहक, तितकी मान खाली राहते. ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवायचा हा नियम अमेरिकेच्या पार्ट १०७ या ड्रोन नियमावलीत आहे, युरोपच्या नियमांत आहे, आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) २०१८ च्या नियमावलीतही तो ४०० फुटांच्या मर्यादेसोबत होता. अडीचशे ग्रॅमच्या छोट्या ड्रोनचा ठिपका दोन-तीनशे मीटरवर हरवू लागतो, आणि एकदा हरवला की शोधेपर्यंत माणूस पुन्हा स्क्रीनलाच चिकटतो. स्क्रीनवर नजर टाकायची, उंची, अंतर आणि बॅटरी बघायची, आणि लगेच आभाळात परत जायचं, ही सवय लागली की स्क्रीनकडून फार मागण्या राहत नाहीत.

इथे एक रास्त शंका येईल. आभाळात बघून आलेला डोळा उन्हाला सरावलेला असतो. त्याला सावलीतली स्क्रीन काळोखी वाटते. बरोबर आहे. त्यावर उपाय डोळ्यालाच सावली देणं, म्हणजे पुढे लांब फळी असलेली टोपी. गॉगल घालायचा तर साधा घ्यावा. पोलराइज्ड गॉगलमधून बहुतेक स्क्रीन ठरावीक कोनात एकदम काळ्या पडतात, आणि मग पुन्हा दोष निट्सना दिला जातो. आणि ज्यांना चाळिशी लागली आहे त्यांना जास्त उजळ पडद्याहून मोठा पडदा जास्त उपयोगी. आठ इंची टॅब्लेटवर आकडे मोठे दिसतात. चष्मा विसरलेल्या माणसाला दोन हजार निट्सही वाचता येत नाहीत.

आता पैसे. मिनी ४ प्रो २०२३ मध्ये परदेशात आला तेव्हा साध्या रिमोटसह ७५९ डॉलरला होता, पडदा असलेल्या आरसी २ सह ९५९ ला. आरसी प्रो २०२१ मध्ये आला तेव्हा त्याची किंमत एकट्याचीच ११९९ डॉलर होती, म्हणजे लाखभर रुपये. ड्रोनपेक्षा रिमोट महाग! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. बरं, तो मसाला पुढच्या कोंबडीला चालेल याचीही खात्री नाही. क्रिस्टलस्काय घेणाऱ्यांनी त्या काळी मोठी रक्कम मोजली. पुढे छोट्या ड्रोनांसाठी डीजेआय फ्लाय हे नवं अॅप आलं, आणि ते त्या मॉनिटरवर चालत नव्हतं. पडदावाला आरसी जुन्या पिढीच्या ड्रोनांशी जुळतो, आरसी २ नव्या पिढीशी. एकाचा दुसऱ्याला उपयोग नाही. शिवाय बाजारात मिळणारा कॅमेऱ्याचा एचडीएमआय मॉनिटर साध्या रिमोटला जोडताच येत नाही, कारण त्याला ते भोकच नसतं. फोन मात्र ड्रोन बदलला तरी हातात राहतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर केंद्र सरकारची बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांना तेवढी सूट. म्हणून यातले बरेच ड्रोन आडवाटेने, नातेवाइकांच्या बॅगेतून येतात. बिघाड झाला तर हमी कुणाची, हा प्रश्न उभाच. त्या संशयाच्या धंद्यात आणखी लाखभर रुपये अडकवण्याआधी माणसाने दोनदा विचार करावा.

तेच पैसे कुठे जायला हवेत तेही कायद्यातच लिहिलेलं आहे. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार अडीचशे ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र हवं, आणि त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा हवा. मांडवात पाचशे माणसं जेवायला बसलेली असतात. त्यांच्या डोक्यावरून बिनविम्याचा ड्रोन फिरवणारा माणूस जेव्हा हजार निट्सची बढाई मारतो, तेव्हा त्याचा अग्रक्रम कुठे चुकलाय हे वेगळं सांगायला नको.

पार्टीवर छाप पडते, हा एक न बोलला जाणारा युक्तिवादही आहे. भारी रिमोट गळ्यात अडकवला की मालक वाटतो, नाहीतर पोरगा फोनवर गेम खेळतोय असं लोकांना वाटतं. हे मी हसण्यावारी नेत नाही. धंद्यात दिसण्यालाही किंमत असते. पण पार्टी शेवटी फिल्म बघते ती घरच्या टीव्हीवर, सगळ्या पाहुण्यांना बसवून. तिथे रिमोट दिसत नाही.

मग असा पडदा कुणालाच नको का? ज्यांचं काम पडद्यात डोळे घालून बसण्याचंच आहे, त्यांना तो हवा. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्कीच्या पात्यावरची चीर शोधणारा, पुलाच्या खांबांची, धरणाच्या भिंतीची तपासणी करणारा, पुरात अडकलेला माणूस शोधणारा. तिथे ड्रोनवर नजर ठेवायला दुसरा माणूस असतो, उड्डाण दिवसभर चालतं, आणि न दिसलेली चीर महागात पडते. त्यांनी जरूर घ्यावा, पंखा असलेला आणि चिकटवलेल्या काचेचा घ्यावा. त्या दर्जाच्या यंत्रासोबत असा पडदा बहुधा पेटीतच येतो, म्हणून ‘वेगळा घेऊ का?’ हा प्रश्न त्यांना फारसा पडत नाही. दुसरी सवलत नव्या ग्राहकाला: ड्रोन नव्यानेच घेत असाल आणि पडदावाल्या रिमोटसाठी दोनशे डॉलर जास्त पडत असतील, तर केबलची कटकट वाचते म्हणून खुशाल घ्या. ती सोयीची किंमत आहे. तिला उन्हाचं कारण देऊ नका.

आणि रोज उघड्या शिवारात उडवणारे कोण, तर फवारणीवाले. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५,००० महिला बचतगटांना ड्रोन द्यायचे ठरले, किमतीच्या ८० टक्के, कमाल आठ लाखांपर्यंत साहाय्य. ड्रोन पिकावर दोन-तीन मीटरवरून जातो, मार्ग आधीच आखलेला असतो, आणि बाईची नजर ड्रोनवर, वाऱ्यावर, बांधावरच्या झाडावर. तिथलंही काम पडद्यात डोळे घालून होत नाही.

तेव्हा नव्याने या धंद्यात उतरणाऱ्यांना माझी क्रमवारी अशी: आधी प्रशिक्षण आणि विमा, मग दोन जादा बॅटऱ्या आणि प्रॉपेलरचा जोड, मग काळा शर्ट, टोपी, छत्री आणि सिम नसलेला एक बरा फोन. हे सगळं झाल्यावरही पैसे उरले आणि स्क्रीन दिसतच नसेल, तर मॉनिटरच्या दुकानात जा. तिथे निट्स किती हे विचारू नका. काच किती टक्के उजेड परत फेकते, आत हवेची फट आहे का आणि किती अंशांपर्यंत चालतो, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर मिळालं नाही तर पैसे खिशात ठेवून बाहेर या.